मोरी साफ करताना

गेल्या डिसेंबरात गावाहून सासूबाईंना फोन केला. “काय चाललंय?” त्यांनी सहज विचारलं. मीही सहज सांगून गेलो, “काही नाही, सकाळपासून मोरी साफ करतोय.”

पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. सासूबाई पुण्याच्या, त्याही पेठेतल्या. जावयाने साधी कपबशी विसळलेली त्यांनी सव्वीस वर्षांत पाहिलेली नाही. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “अहो, तुम्ही कशाला? बाई मिळत नाही का तिकडे? आणि ॲसिड टाकताय ना, तर हातमोजे घाला हो.”

मी बरं म्हटलं. ॲसिड लावतच होतो, फक्त ते कोकमाचं होतं.

घाटावरच्या मराठीत मोरी म्हणजे आंघोळीची, भांडी घासायची, सांडपाण्याची जागा. आमच्या मालवणीत, आणि खाली गोव्यातही, मोरी म्हणजे लहान शार्क. मुंबईचे कोळी तिला मुशी म्हणतात. आमच्या घरात ‘शार्क’ हा शब्द कधी कुणी उच्चारलेला मला आठवत नाही. शार्क टीव्हीवर असायचा आणि तो माणसं खायचा. मोरी ताटात असायची आणि तिला आम्ही खायचो. हे दोघे एकाच घराण्यातले आहेत हे मला नववीत असताना कळलं. त्या दिवशी शेजारच्या मुलाला मी फार ऐटीत सांगितलं होतं, आमच्याकडे रविवारी शार्क असतो म्हणून.

मोरी हा आमच्याकडे लहान मुलांना भरवायचा मासा. काटे नाहीत. मधे एक कुरकुरीत कूर्चेचा कणा तेवढा असतो, आणि तोही चावून खाता येतो. शिजली की मांसाच्या कोंबडीसारख्या पट्ट्या सुटतात. वाटपही माशाचं नसतं, मटणाचं असतं: सुकं खोबरं आणि कांदा खरपूस भाजून, मालवणी मसाला घालून. म्हणून तिच्या कालवणाला गावात सरळ ‘मोरीचं मटण’च म्हणतात. बाळंतिणीला तर ती हमखास. दूध येतं म्हणतात. ही समजूत आपल्या किनाऱ्यापुरतीच नाही. तमिळनाडूत बाळंतिणीला शार्कचं पुट्टू करून घालतात, आणि याच कुळातल्या एका शार्कचं इंग्रजी नावच ‘मिल्क शार्क’ आहे, ते आपल्याकडच्या या समजुतीवरून पडलेलं. मी झालो तेव्हा आईला सव्वा महिना मोरीचं सार दिलं होतं, असं काकी मला दर वर्षी सांगते, जसं काही मी त्याचं बिल चुकवायचं राहिलंय.

तर पन्नाशी आली तरी मी आयुष्यभर मोरी खाल्ली, आणि कापली एकदाही नाही. डोंबिवलीत आई बाजारातून तुकडे करूनच आणायची. गावाला काकी करायची. पुरुषांनी दर्यात जायचं, बायकांनी विळीवर बसायचं, आणि आम्ही चाकरमान्यांनी पानावर बसायचं, अशी सोयीस्कर वाटणी होती.

माझ्या बायकोचं बरोबर उलट. ती शाकाहारी घरातली, मासा तोंडात घातलेला नाही. पण बी.एस्सी. झुऑलॉजी. त्या काळी झुऑलॉजीच्या पोरांना पृष्ठवंशी प्राण्यांची ओळख ज्या एका माशावरून करून द्यायचे, त्याचं नाव स्कोलिओडॉन. वर्षभर फॉर्मॅलिनमधले स्कोलिओडॉन ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणून धरायचे आणि त्यांच्या डोक्यातल्या क्रेनियल नर्व्ह्ज, म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या नसा, उघड्या करायच्या. लग्न ठरलं तेव्हा ही माझ्या आईच्या स्वयंपाकघरात आली, परातीत पडलेल्या मोरीकडे बघितलं आणि म्हणाली, “अय्या, स्कोलिओडॉन!” आईला ते काहीतरी शिवी दिल्यासारखं वाटलं.

गेल्या डिसेंबरात मी एकटाच गावी गेलो होतो, मालवणच्या उत्तरेला आचऱ्याकडे. घराच्या कागदपत्रांचं काम होतं, ते नेहमीप्रमाणे झालं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे, अजून उजाडलंही नव्हतं, काकीने दारावर थाप मारली. “झिला, ऊठ. मोऱ्यो इल्यो.”

काकीचा थोरला रात्री जाळी टाकून आला होता. चार मोऱ्या. त्याची होडी लहान, दर्यात फार लांब जात नाही, त्यामुळे मासळी जाळ्यातून घरात येईपर्यंत दोन-तीन तास. मोरीसाठी हे दोन-तीन तास महत्त्वाचे. त्याने होडीतच प्रत्येकीला शेपटीच्या मुळाशी चीर देऊन रक्त वाहू दिलं होतं आणि बर्फावर टाकलं होतं. हे तो बांगड्याला करत नाही, सुरमईलाही नाही. मोरीला करतो, कारण त्याचा बाप करायचा.

कारण मात्र पक्कं आहे. समुद्राचं पाणी खारट, माशाचं अंग त्या मानाने कमी खारट. म्हणजे अंगातलं पाणी सारखं बाहेर जायला बघणार. काटेवाले मासे यावर उपाय म्हणून समुद्राचं पाणी पितात आणि मीठ बाहेर टाकतात. शार्कने दुसरी वाट धरली. आपण जो युरिया लघवीतून टाकून देतो, तो तो रक्तात आणि मांसात साठवून ठेवतो. त्यामुळे आतलं आणि बाहेरचं पारडं सारखं राहतं. जिवंत आहे तोवर हे फार हुशारीचं. मेला की जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करायला लागतात. बाजारात शिळ्या मोरीपाशी नाकाला जो झणका बसतो, तो हा.

तो वास मला माशांखेरीज दुसरीकडेही भेटलेला आहे. मी नोकरीला लागलो तो दादरला एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन म्हणून. ट्रेसिंगवर काढलेल्या नकाशांच्या प्रती तेव्हा अमोनिया प्रिंटवर निघायच्या. मशीन मागच्या कोंदट खोलीत. पहिल्या दिवशी त्या खोलीत गेलो आणि तोंडातून निघालं, “मोरी नासलीय.” साहेबांना वाटलं, ऑफिसच्या मोरीबद्दल बोलतोय. त्यांनी प्लंबरला बोलावलं.

असो. काकी.

काकीचं वय चौऱ्याहत्तर. उजव्या मनगटात दोन वर्षांपासून कळ आहे. तिने मागच्या पडवीत पाट मांडला, विळी ठेवली, सुरी ठेवली आणि स्वतः खुर्चीवर जाऊन बसली. “माझो हात चलना नाय. तू कर. मी सांगतंय.”

“मला नाही गं जमणार.”

“खातास ना? मगे जमतला.”

चारही मोऱ्या अडीच वितींच्या आसपास. पाठ करडी, किंचित पितळी झाक, पोट पांढरं. नाक चपटं, फावड्याच्या पात्यासारखं पुढे आलेलं. इंग्रजीत तिला स्पेडनोज म्हणतात ते त्यामुळे. मी एक उचलली आणि डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला. गुळगुळीत, ओल्या रबरासारखी. उलटा फिरवला तर पॉलिश पेपर. तळव्याला लाल ओरखडे. मोरीला खवले नसतात असं आपण म्हणतो, पण कातडीभर बारीक दातच असतात, सगळे शेपटीकडे तोंड केलेले. खरोखरचे दात, त्याच बनावटीचे, आत गर आणि वर इनॅमलसारखा थर. जुन्या काळी सुतार शार्कच्या कातड्याने लाकूड घासून गुळगुळीत करत, आणि जपानात अजूनही वसाबीचं मूळ त्यावर किसतात.

“वरसून सुरी घालू नको,” काकी म्हणाली. “धार जातली.”

पण तोवर मी घातली होती. आणि गेली. तीन इंचांत सुरी बोथट झाली, वाळूत कापल्यासारखा आवाज करत. काकी काही बोलली नाही. तिने पायाने पाट्याचा दगड माझ्याकडे सरकवला. मी धार लावून परत बसलो. युक्ती अशी: पोटाच्या मऊ भागाला, गुदद्वारापाशी, सुरीच्या टोकाने एक लहान भोक पाडायचं, आणि मग पातं उलटं, धार वर करून आत सरकवायचं. कातडी आतून बाहेर कापत जायची. आतून ती लोण्यासारखी चिरते. ते दात सगळे बाहेरच्या बाजूला.

पण ही झाली नंतरची गोष्ट. काकीच्या पद्धतीत त्याआधी आंघोळ. “पाणी तापव. कढत नको. बोट घातल्यार चटको बसाक होयो, तितक्याच.” पहिल्या दोन मोऱ्या तिच्या पद्धतीने. परातीत ठेवून त्यांच्यावर ते पाणी हळूहळू ओतलं, उलटीपालटी केलं, आणि मग सुरीच्या पाठीने शेपटीकडून डोक्याकडे खरवडलं. करडा चिखल निघाल्यासारखे ते बारीक दात निघून येतात, आणि खाली स्वच्छ, फिकट कातडी उरते. ती मग खाता येते. शिजून जिलेटिनसारखी होते आणि रसाला चिकटपणा देते. पाणी जास्त गरम झालं तर मांस वरवर शिजतं आणि कातडी फाटते. माझी पहिली फाटली. काकी म्हणाली, “चलात. पोरांच्यो चड्डयो फाटतत.”

खरवडताना नाकावर अंगठा दाबला गेला आणि बारीक बारीक छिद्रांतून पारदर्शक जेली बाहेर आली. मोत्याएवढे थेंब, पन्नास तरी. मी दचकून हात काढला. बायकोला व्हिडिओ कॉल लावला. तिचं उत्तर तयारच होतं. “ॲम्प्युली ऑफ लोरेन्झिनी. दाबू नकोस उगाच.” स्टेफानो लोरेन्झिनी नावाच्या इटालियनाने १६७८ साली ही छिद्रं नीट वर्णन करून ठेवली. ती कशासाठी आहेत हे कळायला विसावं शतक उजाडलं. कुठलाही प्राणी स्नायू हलवतो तेव्हा क्षीण वीज निर्माण होते, आणि ही जेली ती छिद्रांच्या तळाशी असलेल्या संवेदनापेशींपर्यंत पोचवते. गढूळ पाण्यात, चिखलाखाली दडलेली कोळंबीसुद्धा तिला अशी ‘दिसते’. आमच्या किनाऱ्याचं पाणी वर्षातले कित्येक महिने गढूळच. डोळ्यावर पांढरट पडदा अर्धा ओढलेला होता. मला वाटलं मेल्यावर डोळा असा होतो. बायको म्हणाली, ती तिसरी पापणी आहे, भक्ष्याला चावताना डोळा सांभाळायला.

तिने मग फोन जागेवरच धरून ठेवायला सांगितला. भाजी निवडायची राहिली ती राहिलीच. “मी पोट कधी असं ताजं बघितलेलंच नाही,” ती म्हणाली. “आमचे सगळे राखाडी असायचे.”

काकीने माझ्याकडचा फोन घेतला आणि तांब्याला टेकवून पाटापाशी उभा केला. “काय गे, बघतंस? बघ. तुझो घोव मोरी करता.”

पोट उघडलं. सगळ्यात आधी दिसतं ते काळीज, म्हणजे यकृत. दोन लांब पाकळ्या, फिकट बदामी, जवळजवळ पूर्ण पोट भरून. काटेवाल्या माशांना पोटात हवेची पिशवी असते, त्याने ते तरंगतात. मोरीला पिशवी नाही. तेलाने भरलेलं हे यकृतच तिला बुडू देत नाही. याच तेलाने आमच्याकडे लाकडी होड्यांना पोसलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात युरोपातून येणारं कॉड लिव्हर ऑइल अडलं तेव्हा मद्रास आणि मुंबई इलाख्यांत शार्कच्या यकृताचं तेल काढायला सुरुवात झाली. अ जीवनसत्त्व भरपूर. काकीने ते वेगळं ठेवायला सांगितलं. हळद, मीठ, तव्यावर. मला त्याची चव आवडत नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

जठर, मग आतडं. आतडं आखूड आणि जाड, सॉसेजएवढं. मला ते टाकायचं होतं, पण फोनमधून हुकूम आला, “उभं चीर.” चिरलं. आत एक पातळ पडदा गुंडाळी करून बसवलेला, नकाशाच्या नळकांड्यात ट्रेसिंग पेपरची गुंडाळी असते तसाच. मी पंचवीस वर्षं अशा गुंडाळ्या खांद्यावर टाकून लोकलने फिरलोय. कडेला धरून तो पडदा उलगडला तर हातभर वाटावा इतका उलगडत गेला. लहान जागेत अन्न शोषायला जास्तीत जास्त क्षेत्रफळ. “स्क्रोल व्हॉल्व्ह,” बायको म्हणाली, आणि तिच्या आवाजात जे होतं ते मी तिच्या आवाजात बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. परीक्षेत तिने याची आकृती काढली होती. पाच मार्कांना.

आतडी काढल्यावर कण्याच्या खाली एक लालसर काळी पट्टी दिसते. ते मूत्रपिंड आणि साकळलेलं रक्त. इथे बहुतेक लोक चुकतात, काकीच्या मते. वरचा पडदा सुरीने चिरून अंगठ्याच्या नखाने ती पट्टी गळ्यापासून शेपटीपर्यंत खरवडून काढायची, वाहत्या पाण्याखाली, पांढरा कणा दिसेपर्यंत. कल्ले मुळापासून काढायचे. पोटातली काळसर झिल्ली पुसून घ्यायची. मोरीला वास येतो असं ज्यांचं म्हणणं आहे, त्यांची मोरी शिळी तरी असते, नाहीतर ही पट्टी राहिलेली असते.

पर कापले. ते आम्ही टाकले. पूर्वी टाकत नव्हते. वाळवलेल्या परांना व्यापारी येत, आणि तो माल बाहेरदेशी सूप करायला जायचा. मोठ्या शार्कचे पर कापून धड समुद्रात सोडून द्यायचे प्रकार जगभर झाले. आपल्याकडे २०१३ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने पर अंगाला लागलेल्या अवस्थेतच शार्क किनाऱ्यावर आणायचा असं धोरण काढलं, आणि २०१५ मध्ये परांच्या निर्यातीवर बंदी आली. त्याच्याही आधी, २००१ मध्ये, बहिरी म्हणजे देवमुशी, जगातला सगळ्यात मोठा मासा, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात गेला. वाघाइतकं संरक्षण. काकीच्या थोरल्याला हे सगळं ठाऊक आहे, कुठल्या मुशीला हात लावायचा नाही तेही. स्कोलिओडॉनला अजून तसं संरक्षण नाही. धोक्याच्या यादीत ती ‘संकटाच्या जवळ’ अशा पायरीवर आहे.

तिसऱ्या मोरीचे फिले, म्हणजे कण्यापासून सोडवलेले मांसाचे सलग काप, करायचे होते. मुलीला डोंबिवलीत फिश फिंगर हवे होते, आणि ‘कातडीचं नको’ अशी ताकीद होती. काकीला या प्रकारात रस नव्हता. काकीचा नातू गोव्यात एका हॉटेलच्या किचनला आहे, त्याने कधीतरी करून दाखवलं होतं, तेवढ्या आठवणीवर मी निघालो. डोक्यामागून तिरका काप, सुरी कूर्चेला टेकेपर्यंत. मग पातं आडवं करून कण्याच्या अंगाअंगाने शेपटीपर्यंत. हाडाच्या माशात सुरी काट्यांवरून टकटक करत जाते आणि चुकली तर काटा सांगतो. मोरीत सांगणारं कुणी नाही. कूर्चा मऊ, जरा जोर झाला की सुरी कण्यातूनच आरपार. माझी दोनदा गेली. मग कळलं की सुरी ढकलायची नाही, ओढायची, आणि कान द्यायचा: मांसातून आवाज येत नाही, कूर्चेला घासली की कोबी चिरल्यासारखी कुरकुर येते. ती कुरकुर सारखी येत राहिली पाहिजे, वाढताही कामा नये, थांबताही कामा नये.

दोन्ही बाजू निघाल्यावर एकेक फिले कातडीवर उताणा ठेवायचा. शेपटीकडचं टोक मिठाच्या बोटांनी घट्ट धरायचं (माझं सुटत होतं, शेवटी घरातली पक्कड आणली), आणि सुरी मांस-कातडीच्या मधे आडवी धरून कातडी मागे ओढायची. सुरी जागेवरच ठेवायची, कातडी डावी-उजवी हलवत ओढायची. निघते. पहिल्यांदा ती सबंध निघाली तेव्हा मी काकीकडे बघितलं. काकी शेजारणीशी बोलत होती. मांसाच्या मधोमध एक गडद तांबडी पट्टी असते. ती उग्र लागते. मुंबईकरांसाठी ती काढून टाकली. काकीने ती उचलून आपल्या वाटीत घेतली.

चौथी मोरी मी सवयीने उघडली. धार वर, आतून बाहेर.

यकृत या वेळी लहान वाटलं. त्याच्यामागे दोन लांबट पिशव्या, पातळ भिंतीच्या, आत काहीतरी वळवळल्यासारखं. वळवळत नव्हतं, माझा हात हलत होता. एक पिशवी फाटली आणि बोटाएवढं पिल्लू पाटावर आलं. डोळे मोठे काळे, बाकी अंग गुलाबी, पण नाक तेच, फावड्याचं. पाठीवरचा पर, शेपटीचा वरचा लांब काप, सगळं प्रमाणशीर, जणू कुणी एकास आठच्या स्केलवर काढलंय. छातीपाशी एक नाळ. नाळेचं दुसरं टोक आत, पिशवीच्या भिंतीला. एका बाजूला पाच होती, दुसऱ्या बाजूला चार.

फोनमधून आवाज आला नाही. मग बायको हळूच म्हणाली, “नाळ जवळ आण. तिच्यावर लव आहे का बघ.”

होती. पाण्यात धरली तर बारीक केस पिंजारल्यासारखे तंतू सगळ्या नाळेवर फुलले. तिने सांगितलं ते असं: मोरीचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, शार्कमधलं सगळ्यात लहान. त्यात बलक जवळजवळ नाहीच. म्हणून पिल्लू सुरुवातीपासून आईवर अवलंबून, वारेने आणि या नाळेने, आणि पाचसहा महिन्यांनी वीतभराहूनही लहान अशी तयार पिल्लं बाहेर. या जातीत वर्षाच्या कुठल्याही महिन्यात गाभण मादी सापडते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत जाळ्याबाहेर राहिलेल्या सुटतात, पण डिसेंबरातल्या कुठे जाणार?

“तुम्हाला कॉलेजात यायची का अशी?” मी विचारलं.

“एकदा आली होती. सर म्हणाले, लकी आहात. आम्ही नऊजणींनी एकेक घेतलं, जर्नलमध्ये आकृती काढायला.” थोडं थांबून म्हणाली, “मला नंतर दोन दिवस जेवण गेलं नाही. आणि घरी कारण सांगायची सोय नव्हती.”

हे तिने मला सव्वीस वर्षांत सांगितलं नव्हतं.

काकी खुर्चीवरून उठली, वाकून बघितलं. “गुरवार होती,” म्हणाली. गुरवार म्हणजे गरोदर. मी विचारलं, यांचं काय करतात? “करतत लोक. कवळी लागतत. माझ्यान होना नाय.” तिने करवंटी आणली, नऊही पिल्लं त्यात घातली, वर यकृत सोडून बाकी सगळी आतडी, आणि मागच्या माडाच्या आळ्यात नेऊन पुरली. मासळीचं खत माडाला चांगलं. ती परत आली तेव्हा मी तसाच बसलो होतो. “त्या टाकू नको आता,” ती म्हणाली, “ती मेली ती मेली. मीठ लाव.”

मीठ लावलं, हळद लावली, कोकमाचं आगळ लावलं. आंबटाने उरलासुरला अमोनिया बांधला जातो, आणि युरिया पाण्यात विरघळणारा असल्याने अर्ध्या तासाने तुकडे धुतले की पुष्कळसा निघून जातो. सासूबाईंचा फोन याच अर्ध्या तासातला. गोव्याच्या आंबटतिखातला आंबटपणाही याच हिशेबातला असावा असं मला वाटतं. तिथे त्या कालवणाला मोरीच पसंत. आइसलंडमध्ये एका मोठ्या शार्कला पुरून, आंबवून, महिनोन्‌महिने टांगून ठेवतात, कारण ताजा तो विषारीच. आपलं बरं, अर्धा तास.

दुपारी काकीने सुकं केलं. भाजलेलं वाटप, लसूण, चार आमसुलं. मोरी फार शिजवायची नाही. दहा मिनिटांत झालं. मी जेवलो. नीट जेवलो, दोनदा वाढून घेतलं. चवीत काहीही फरक नव्हता, आणि याचंच मला जरा आश्चर्य वाटलं. मोठ्या शार्कच्या मांसात पारा साठतो म्हणून गरोदर बायकांनी ते टाळावं असं डॉक्टर सांगतात, हे मी काकीला जेवताना सांगितलं. लहान मोरीत तो कमी, हेही सांगितलं. ती म्हणाली, “मगे तुझ्या आवशीक मी लहानच दिली होती.”

फिले बर्फात घालून रात्रीच्या गाडीने डोंबिवलीला आणले. मुलीने फिश फिंगर खाल्ले. बायको ओट्यापाशी उभी राहून बघत होती. एक उरला होता, तो तिने उचलला, मधे मोडला, आतल्या पट्ट्या बोटाने सुट्या करून बघितल्या. “मायोटोम्स,” म्हणाली, आणि परत ठेवला.

आता बाजारात गेलो की मी मुशी उलटी करून बघतो. नराला पोटामागच्या परांना लागून दोन बोटांसारखे अवयव असतात. लांबून कळत नाहीत, उलटी केली की कळतात. परवा स्टेशनजवळच्या बाजारात एक मावशी बराच वेळ माझं हे बघत होती.

“काय शोधताय, शेट? मुशीत गाबोळी नसते.”

“माहितीय,” म्हटलं.

तिने माझ्या हातातली मुशी काढून घेतली, ढिगाच्या तळातून दुसरी ओढली, उलटी करून माझ्यासमोर धरली.

“हा नर हाय. कापू?”